आमच्या घरची विलायती सुरी

दसऱ्याच्या आदल्या दिवशी, म्हणजे खंडेनवमीस, आपल्याकडे घरोघर शस्त्रांची पूजा होते. ज्यांच्या घरी तलवार असे ते तलवार पुजीत. ज्यांच्या घरी ती नसे ते विळी, अडकित्ता, कुऱ्हाड आणि फार झाले तर लेखणी पाटावर मांडून समाधान मानीत. आमच्या घरी मात्र पाटाच्या मध्यभागी एक विलायती सुरी असे. पाते सहा इंच लांब, टोकाकडे पाठीचा भाग किंचित आत कापून घेतलेला. मूठ सांबराच्या शिंगाची, तपकिरी व खडबडीत. मुठीपुढे बोटे सुरक्षित राहावीत म्हणून एक आडवी पट्टी. आणि काळवंडलेले कातडी म्यान. लहानपणी आम्हां मुलांस तिला हात लावण्याची परवानगी नव्हती. हळदकुंकू वाहिल्यावर वडील ती म्यानातून काढीत, आणि मग तिची गोष्ट सांगण्यात येई.

गोष्ट अशी की, दिल्लीस राणीसरकारचा दरबार भरला त्या साली, म्हणजे १८७७ मध्ये, परतवाड्याच्या छावणीतील एक साहेब मेळघाटात वाघाच्या शिकारीस गेला. आमचे पणजोबा परतवाड्यास धान्याची अडत करीत, आणि साहेबाच्या तळास दाणापाणी पुरविण्याचा मक्ता त्यांचाच होता. सेमाडोहच्या बाजूस जखमी वाघ साहेबावर उलटला. बंदुकीचा बार फुकट गेला. तेव्हा पणजोबांनी शेकोटीतील जळते लाकूड उचलून वाघाच्या तोंडापुढे नाचविले. वाघ मागे फिरला. आणि साहेबाने आपल्या कमरेची सुरी काढून पणजोबांच्या कमरेस बांधली.

ही गोष्ट मी आजोबांच्या तोंडून ऐकली, वडिलांच्या तोंडून ऐकली, आणि पुढे स्वतः सांगू लागलो. मी प्राथमिक शाळेत चौतीस वर्षे मास्तरकी केली. माझी विद्या जुन्या मॅट्रिकपर्यंतची. परंतु मुलांना इतिहासाची गोडी लावावी असे फार वाटे. म्हणून दसऱ्याच्या सुटीपूर्वी चौथीच्या वर्गात ही गोष्ट मी हटकून सांगे. जळते लाकूड म्हणून हातात पट्टी घेई. मुले श्वास रोखून ऐकत. आपण एका शूर पुरुषाचे पणतू आहो, हे त्या निमित्ताने त्यांस कळते, याचेही मला मनातून सुख होत असे, हे कबूल केले पाहिजे.

तीन वर्षांपूर्वीच्या दसऱ्यास माझा एक जुना विद्यार्थी अकोल्यास आमच्या घरी सोने देण्यास आला. तो पोलादाच्या कारखान्यात अभियंता आहे. आपट्याची पाने हातात ठेवून, पाया पडून तो पाटाजवळ बसला आणि म्हणाला, "गुरुजी, वर्गात ऐकलेली हीच ना ती सुरी?" मी मोठ्या कौतुकाने ती त्याच्या हाती दिली. त्याने खिशातील फोनने पात्याच्या बुडाशी असलेल्या अक्षरांचे छायाचित्र घेतले, ते मोठे करून पाहिले, आणि बराच वेळ काही बोलला नाही.

"गुरुजी, रागावणार नसाल तर एक विचारू का?"

"विचार की."

"ही हकीकत १८७७ ची, असेच आपण सांगत होतात ना? मग या सुरीवर हा शब्द कसा आला?"

मी चष्मा लावून पाहिले. कारखान्याचे नाव, त्याखाली 'शेफील्ड', आणि त्याच्यापुढे 'इंग्लंड'. यात नवल ते काय, हे मला कळेना. सुरी इंग्लंडची, तीवर इंग्लंड नसेल तर काय असेल? तेव्हा त्याने जे सांगितले, आणि त्यानंतर वर्षभर पुस्तके मिळवून व जाणत्यांस विचारून मी जे शिकलो, ते आज आपणांस थोडक्यात सांगावयाचे आहे.

शेफील्ड हे इंग्लंडच्या उत्तर भागातील गाव चाकूसुऱ्यांसाठी फार पुरातन काळापासून प्रसिद्ध आहे. चौदाव्या शतकातील चॉसर कवीनेही एका पात्राच्या अंगावर शेफील्डचा चाकू दाखविला आहे. तेथील कारागिरांचा संघ १६२४ मध्ये कायद्याने स्थापन झाला, आणि कोणी कोणती खूण आपल्या मालावर ठोकावयाची याची नोंद तो ठेवू लागला. १७४० च्या सुमारास बेंजामिन हंट्समन नावाच्या घड्याळजीने मुशीत पोलाद वितळविण्याची रीत तेथे सुरू केली, आणि शेफील्डच्या पात्यांस दुसरे कोणी तोड देईनासे झाले. आमच्या सुरीवर ज्या रॉजर्स कारखान्याचे नाव आहे, त्याची तारा व क्रूस ही खूण अठराव्या शतकातील. लंडनच्या १८५१ सालच्या महाप्रदर्शनात या कारखान्याने पंचाहत्तर पात्यांचा एकच अवाढव्य चाकू मांडला होता. आमच्या लहानपणी जुनी मंडळी चांगल्या चाकूस 'रॉजरचा चाकू' म्हणत, त्याचे मूळ हेच.

आता शिकारी सुरीकडे वळू. या सुरीचा घाट इंग्लंडात जन्मला नाही. तो अमेरिकेने मागवून घेतला. १९ सप्टेंबर १८२७ रोजी मिसिसिपी नदीच्या एका वाळवंटावर, नॅचेझ गावाजवळ, दोन पक्षांत मारामारी जुंपली. तीत जेम्स बोवी नावाच्या गृहस्थास गोळ्या लागल्या, तलवारीचे वार झाले. तरीही त्याने आपल्या मोठ्या सुरीने प्रतिपक्षाच्या एका माणसास ठार केले. वर्तमानपत्रांनी ही बातमी गावोगाव नेली. पुढे ६ मार्च १८३६ रोजी टेक्सासातील अ‍ॅलामोच्या वेढ्यात बोवी मारला गेला, आणि त्याच्या सुरीचे नाव अजरामर झाले. पश्चिमेकडे नवा मुलूख वसविण्यास निघालेल्या प्रत्येकास तसली सुरी हवीशी वाटू लागली. त्या काळी पिस्तूल एक बार काढून रिकामे होई आणि पावसात दारू भिजली की निरुपयोगी ठरे. सुरी मात्र नेहमी भरलेलीच. तिने लाकूड तासावे, हरिण सोलावे, भाकरी कापावी आणि प्रसंग पडल्यास जीव वाचवावा.

इतक्या सुऱ्या अमेरिकेतील लोहारांच्या हातून होणे शक्य नव्हते. शेफील्डच्या व्यापाऱ्यांनी ही संधी साधली. जॉर्ज वोस्टनहोम नावाचा कारखानदार माल खपविण्यास अनेकदा अटलांटिक ओलांडून गेला, आणि १८४८ मध्ये त्याने आपल्या कारखान्यास 'वॉशिंग्टन वर्क्स' असे अमेरिकनांस रुचेल असे नाव दिले. ज्या कारागिरांनी शेफील्डची वेसही ओलांडली नव्हती, ते अस्वले आणि रानरेडे यांच्यासाठी सुऱ्या घडवू लागले. गिऱ्हाइकास आवडावे म्हणून पात्यांवर आम्लाने वचने कोरीत. कोणावर 'शिकाऱ्याचा सोबती' असे असे. १८४९ मध्ये कॅलिफोर्नियात सोन्यासाठी झुंबड उडाली तेव्हा 'सोने शोधणाऱ्याचा रक्षक' असे आले. दक्षिणेकडील मळेवाल्यांसाठी जी पाती निघाली, त्यांतील काहींवर गुलामगिरी नष्ट करू पाहणाऱ्यांस मरण असो, या अर्थाचे शब्द आहेत. आणि याच शेफील्ड गावात १८२५ मध्ये स्त्रियांनी गुलामगिरीविरुद्ध चळवळ करणारी संस्था काढलेली होती! एका गल्लीत गुलामांच्या मुक्तीसाठी वर्गणी गोळा होई आणि दुसऱ्या गल्लीत त्याच मुक्तीच्या नावे मरण कोरले जाई. व्यापाराला कान असतात, पण विवेक नसतो, असे म्हणावेसे वाटते.

त्या सुरीवर कारखानदाराचे नाव असे, घडविणाऱ्याचे नसे. पाते ठोकणारा एक, त्यास सहाणेच्या फिरत्या दगडावर घासणारा दुसरा, मूठ बसविणारा तिसरा. यांपैकी घासणाऱ्याची स्थिती सर्वांत वाईट. दगडाची व लोखंडाची भुकटी नाकावाटे फुप्फुसांत जाई. विशेषतः कोरड्या दगडावर जेवणाचे काटे घासणारे कामगार चाळिशीही पाहत नसत, असे तेथील डॉ. कॅल्व्हर्ट हॉलंड यांनी १८४३ च्या सुमारास लिहून ठेवले आहे. ही गोष्ट मी मुद्दाम सांगतो. तिचे कारण पुढे कळेल.

१८६१ मध्ये अमेरिकेत उत्तर व दक्षिण यांचे यादवी युद्ध पेटले. दक्षिणेची बंदरे कोंडली गेली. शेफील्डची दक्षिणेतील गिऱ्हाइके तुटली आणि मँचेस्टरच्या गिरण्यांचा कापूस तुटला. कापूस तुटताच इंग्रज व्यापाऱ्यांची दृष्टी आमच्या वऱ्हाडाकडे वळली. अमरावती, अकोला, खामगाव येथील कापसास असा भाव आला की, त्याच्या कहाण्या पुढे कित्येक वर्षे सांगत. १८६७ मध्ये रेल्वे अकोला व बडनेऱ्यावरून नागपूरपर्यंत गेली. १८६५ मध्ये युद्ध संपले तेव्हा भाव उतरले. परंतु रेल्वे राहिली, व्यापारी राहिले, आणि त्यांच्या मागोमाग विलायती मालही राहिला. ज्या युद्धाने शेफील्डच्या सुऱ्यांचा एक बाजार मोडला, त्याच युद्धाने वऱ्हाडची वाट विलायती मालास मोकळी करून दिली.

साहेबलोक तर येथे आधीपासूनच होते. १८२३ मध्ये हैदराबाद काँटिंजंटच्या कॅप्टन रॉबिन्सनने चिखलदऱ्याचे पठार पाहिले, आणि परतवाड्याच्या छावणीतील अधिकारी उन्हाळ्यात तेथे जाऊ लागले. खाली छावणी, वर थंड हवा, आणि पलीकडे मेळघाटचे घनदाट रान. मग शिकारीस काय उणे? हिंदुस्थानातील साहेबाच्या शिकारी सुरीस नागपूर प्रांताचाही हातभार लागला आहे. नागपूर इर्रेग्युलर फोर्सचा अधिकारी हेन्री शेक्सपियर याने १८६० मध्ये हिंदुस्थानातील शिकारीवर पुस्तक लिहिले. हा शेक्सपियर नाटककार नव्हे, हे सांगावयास नकोच. त्याच्या नावाची शिकारी सुरी पुढे लंडनचा विल्किन्सन कारखाना विकीत असे.

यावरून आपले लोहार हात बांधून बसले होते असे मात्र समजू नये. सेलमच्या अरुणाचलम नावाच्या कारागिराच्या सुऱ्या व डुकराच्या शिकारीचे भाले विलायती मालाच्या तोडीचे मानले जात. आपल्या शेजारी औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, 'बोदराज' हे नाव कोरलेले भाले व सुऱ्या होत, आणि आज संग्राहक त्या अगत्याने जमवितात. दक्षिणेतील वुट्झ पोलादाचा अभ्यास खुद्द फॅराडेने स्टोडार्ट नावाच्या शस्त्रकारासह १८२० च्या सुमारास केला होता. तथापि, कारखान्याचा माल संख्येने येतो आणि हातचा माल एकेक येतो. बाजार संख्येचा असतो.

आता सुरीवरील त्या शब्दाकडे येऊ. १८९० मध्ये अमेरिकेने मॅकिन्ली यांच्या नावाने ओळखला जाणारा जकातीचा कायदा केला. आपल्या देशातील कारखान्यांस संरक्षण मिळावे म्हणून परक्या मालावर जबर जकात बसविली. त्यातच असे कलम होते की, १ मार्च १८९१ पासून बाहेरून येणाऱ्या मालावर तो कोणत्या देशात झाला ते लिहिलेले असले पाहिजे. त्यापूर्वी शेफील्डचे कारखानदार पात्यावर बहुधा केवळ 'शेफील्ड' एवढेच ठोकीत. देशाचे नाव घालण्याची त्यांस गरज वाटत नसे. या कायद्यानंतर 'इंग्लंड' हा शब्द सर्रास आला. म्हणून तो शब्द दिसला की पाते १८९० नंतरचे धरावे, असा जाणत्यांचा ढोबळ नियम आहे. या जकातीने शेफील्डचा अमेरिकेतील उरलासुरला व्यापार फार खालावला. तेव्हा जो शिकारी घाट अमेरिकेतील वसाहतवाल्यांसाठी सिद्ध झाला होता, तोच ऑस्ट्रेलिया, आफ्रिका व हिंदुस्थान येथील साहेबांसाठी अधिकाधिक जाऊ लागला. आमच्या सुरीच्या टोकाकडची कापलेली पाठ ही त्या बोवी सुरीचीच आठवण.

दुसरी खूण मुकुटाची. आमच्या पात्यावर मुकुटाच्या दोन बाजूंस व्ही व आर ही अक्षरे आहेत. ती व्हिक्टोरिया राणीची. राणी २२ जानेवारी १९०१ रोजी वारली. त्यानंतर एडवर्ड राजाची अक्षरे आली. म्हणजे आमची सुरी १८९० च्या अलीकडची आणि १९०१ च्या पलीकडची. खोट्या खुणांचाही एक प्रश्न असतो. जर्मनीतील सोलिंगेनचे काही कारखानदार शेफील्डच्या खुणा आपल्या मालावर ठोकीत, आणि तो उपद्रव थांबविण्यासाठी इंग्लंडने १८८७ मध्ये कायदा केला. परंतु आमची सुरी खरी आहे, असे पाहणाऱ्यांचे मत पडले. सुरी खरी ठरली. गोष्ट खोटी ठरली. १८७७ मध्ये जी सुरी जन्मलीच नव्हती, ती साहेबाने पणजोबांच्या कमरेस बांधली कशी?

त्या दिवशी माझा विद्यार्थी निघताना संकोचून म्हणाला, "गुरुजी, सनावळी जुळली नाही तर गोष्ट पुन्हा तपासावी, हे आपणच शिकविले होते." मी त्यास हसत निरोप दिला; पण रात्री झोप लागली नाही. चौतीस वर्षांतील चौथीचे वर्ग एकामागून एक डोळ्यांपुढे उभे राहिले.

मुठीविषयीही एक गोष्ट त्या काळात मला कळली. मला वाटे, मूठ इंग्लंडातील हरणाच्या शिंगाची असावी. परंतु शेफील्डचे कारागीर हिंदुस्थानातील सांबराचे शिंग फार पसंत करीत, कारण ते आतून भरीव असते व त्याचा खडबडीतपणा मुठीत पक्का बसतो. सांबराची शिंगे दरवर्षी गळतात आणि नवी फुटतात. रानात गळलेली ती शिंगे वेचून लोक व्यापाऱ्यांस विकीत. ती जहाजांतून इंग्लंडास जात आणि मुठी होऊन परत येत. आमच्या सुरीचे शिंग कोणत्या रानातले, हे कोण सांगणार? पण ज्या देशाच्या रानात ते वाढले, त्याच देशाच्या रानात ते विलायती होऊन परत आले, एवढे खरे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर या व्यापारावर बंधने आली व पुढे गळलेल्या शिंगांची निर्यातही थांबली. मेळघाट तर १९७३-७४ मध्ये देशातील पहिल्या नऊ व्याघ्रप्रकल्पांपैकी एक झाला, आणि वाघास मारण्यासाठी जेथे तळ पडत, तेथे वाघ राखण्यासाठी चौक्या उभ्या राहिल्या.

असो. गोष्ट तपासावयाची तर आधार पाहिजे. पणजोबांच्या वह्या आमच्या माळ्यावर एका गाठोड्यात पडून होत्या. त्या मोडीत, आणि मला मोडी येत नाही. अमरावतीस माझे एक स्नेही मोडी उत्तम वाचतात. त्यांच्याकडे गाठोडे घेऊन मी चार वेळा गेलो. १८९० ते १९०१ या काळातील पाने एकेक करून त्यांनी वाचली. चौथ्या खेपेस ते वाचता वाचता थांबले आणि म्हणाले, "मास्तर, ही पाहा तुमची सुरी."

नोंद शके १८२१ मधील माघ वद्य पंचमीची, म्हणजे फेब्रुवारी १९०० मधील. आदल्या वर्षीचा पाऊस गेलेला होता आणि वऱ्हाडात मोठा दुष्काळ पडला होता. नोंद एवढीच: कोरकू, वस्ती मेळघाट. विलायती सुरी एक, सांबरशिंगी मूठ, म्यानासह. साहेबाचे बक्षीस, वाघाचे कामी. गहाण. ज्वारी पायल्या आठ. मुदत चैत्री पाडवा.

पुढे फेडीची नोंद नाही.

श्रोतेहो, वाघापुढे जळते लाकूड धरणारा माणूस होता; पण तो आमचा पणजोबा नव्हता. निदान बक्षीस मिळविणारा तो नव्हता. कोणा कोरकू शिकाऱ्याने आपल्या जिवावर उदार होऊन साहेबाचे काही भले केले, त्यास सुरी मिळाली, आणि पोटात अन्न नाही म्हणून तो ती घेऊन घाट उतरून परतवाड्यास आला. गहाण ठेवताना वस्तूचे मोल पटावे म्हणून त्याने तिची हकीकत सांगितली असेल. ती हकीकतही सुरीबरोबर आमच्या घरी राहिली, आणि पिढी बदलली तशी तिच्यातील माणूस बदलला. सुरी गहाण पडली होती. गोष्ट आम्ही फुकट घेतली.

मला अधिक लागले ते निराळेच. त्या पानावर त्या दिवशीच्या सात नोंदी आहेत. सहांत माणसांची नावे आहेत, बापाची नावे आहेत, गाव आहे. या एकाच नोंदीत नाव नाही. केवळ 'कोरकू'. पात्यावर कारखानदाराचे नाव आहे आणि दगडापुढे बसून ते घासणाऱ्याचे नाही. वहीत वस्तूचे वर्णन म्यानासह आहे आणि ती मिळविणाऱ्याचे नाव नाही.

पणजोबांना मी दोषी ठरवीत नाही. दुष्काळात ज्याच्याजवळ धान्य होते त्याने ते गहाणावर दिले, हा त्या काळचा रिवाजच होता. आणि त्या ज्वारीने काही दिवस चूल पेटली असेल. त्यांनी सुरी विकली नाही, जपून ठेवली; तो माणूस परत येईल म्हणून ठेवली असेल, असे म्हणण्याचा मोह मला होतो. परंतु त्यास आधार नाही. एक खोटी गोष्ट टाकून तिच्या जागी दुसरी गोड गोष्ट बसवावयाची, हे बरे नव्हे.

गेल्या खंडेनवमीस घरातील सारी माणसे जमली असता मी ती नोंद वाचून दाखविली. थोरले बंधू रागावले. "घरची गोष्ट वेशीवर टांगावयाची काय?" असे ते म्हणाले. ते अद्याप नाराज आहेत, आणि आज हे भाषण ऐकत असतील तर आणखी नाराज होतील. माझ्या नातवाने विचारले, "मग आपण शूर नाही का, आजोबा?" त्यास मी काय उत्तर देणार? आमची आत्या नव्वदीच्या घरात आहे. ती इतका वेळ गप्प होती. ती म्हणाली, "आठ पायल्या जवारी किती दिस पुरली असन रे बाबू?"

मी हिशेब केला. घरात पाच माणसे धरली तर दहा-बारा दिवस. पाडव्याला तेव्हा दीड महिना होता.

हा हिशेब मी नातवालाही करावयास लावला. त्याने तो पाटीवर मांडला आणि मग पुन्हा शौर्याविषयी विचारले नाही.

सुरी आम्ही विकणार नाही. तीसोबत जुनी गोष्ट दिली तर चांगली किंमत येईल, असे एका गृहस्थांनी सुचविले होते. ते शक्य नव्हते. आता म्यानास एक चिठ्ठी बांधली आहे. तीवर मी माझ्या हाताने लिहिले आहे की, ही सुरी मेळघाटातील एका कोरकू शिकाऱ्याची आहे. शके १८२१ मध्ये आठ पायल्या ज्वारीवर ती या घरी गहाण पडली. तिची फेड झालेली नाही. खंडेनवमीस ती पूर्वीप्रमाणेच पाटावर राहील. वाचावयाची ती मात्र ही चिठ्ठी. आणि जे जुने विद्यार्थी भेटतात, त्यांस मी दुरुस्त हकीकत सांगतो. सर्वांची गाठ पडणे शक्य नाही. त्यांपैकी कोणी आज ऐकत असतील, तर त्यांच्यासाठीच मुख्यतः हे भाषण मी केले आहे. बाळांनो, मी वर्गात सांगितले ते चूक होते.

आपणांपैकी पुष्कळांच्या घरी अशी एखादी जुनी वस्तू असेल; घड्याळ असेल, दिवा असेल, कातरी असेल, आणि तिच्याबरोबर एखादी गोष्टही असेल. ती वस्तू एकदा उजेडात धरून तिच्यावरील बारीक अक्षरे वाचावी, आणि माळ्यावर वह्या असतील तर त्या रद्दीत घालण्यापूर्वी कोणा मोडी जाणणाऱ्यास दाखवाव्या, एवढीच माझी विनंती आहे. घरची गोष्ट खरी निघाली तर आनंदच आहे. खोटी निघाली, तर त्या गोष्टीतला खरा माणूस कोण होता, हे कदाचित कळेल.